डॉक्टर संताचा उजवा हात

करणी, नजर, चमत्कार... मी यातलं काही मानत नाही. पेणमध्ये गणपतीचे डोळे आखून पोट भरणारा माणूस मी. देव रोजच माझ्या हाताखालून जातात, मला भीती कसली! हे सांगायला बसलोय ते लाज वाटते म्हणून.

रोह्याला एक रिटायर्ड नर्स आहेत, ख्रिश्चन. सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. त्यांनी शाडूच्या दोन मूर्ती सांगितल्या — संत कॉस्मस आणि संत दामियन. फार जुन्या काळातले जुळे भाऊ, दोघंही डॉक्टर, फुकट औषध द्यायचे.

"माझ्या कामातली माणसं हायेत ती. नीट कर हां दादा," सिस्टर म्हणाल्या.

सुकताना दामियनचा उजवा हात मनगटातून तुटला. परत घडवायचा कंटाळा आला. मग मी काय करावं? एका बाद झालेल्या गणपतीचा आशीर्वादाचा हात कापला, चिकटवला, वर रंग मारला. चांगला गुबगुबीत पंजा! बाईंना काय कळतंय, म्हणून मूर्ती पोचवून आलो.

दोन दिवसांनी माझा उजवा हात मनगटापासून बधीर. कुणीतरी करकचून बांधल्यासारखा. ब्रश धरवेना. नसांची टेस्ट केली, रिपोर्ट नॉर्मल! गणपती दीड महिन्यावर, कारखान्यात बिनडोळ्यांच्या मूर्ती रांगेत... मी रडायचाच बाकी होतो. शेवटी बायकोला सगळं सांगितलं. ती भडकलीच.

"लाज नाय वाटली? आधी जावा नि त्यांना खरं सांगा!"

गेलो. बघतो तर दामियनच्या मनगटाला बँडेज!

"तू देऊन गेलास ना, त्याच्या दोन दिवसांनी बांधलं," सिस्टर म्हणाल्या. "जोड दिसला. म्हटलं, पडेल. आता तूच बघ."

त्या पट्टी सोडायला लागल्या. एकेक वेढा सुटत गेला तशा माझ्या बोटांना मुंग्या यायला लागल्या... शेवटचा वेढा सुटला आणि माझी मूठ वळली! तीन आठवड्यांनी!

"हा हात निराळा का दिसतो रे?" त्यांनी शांतपणे विचारलं.

माझा हात तर बरा झाला होता...

"माती फुगते कधीकधी, सिस्टर."

"असेल," म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

त्या पट्टीचा माझ्या हाताशी काय संबंध, ते मला आजही सांगता येत नाही. डॉक्टरांनाही नाही. त्या वर्षीचे सगळे डोळे वेळेत आखून झाले. पण मी रोह्याला गेलो होतो एक वाक्य बोलायला, आणि तेवढंच न बोलता, त्यांचा चहा पिऊन परत आलो.