पिशवीतलं मलम

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, चळवळीतल्या सोबत्यांपाशी तर नाहीच. तू माझी पत्रकं वाचतोस, म्हणून तुला सांगतो. 'चैतीचा पाय कुणी घेतला?' हे पत्रक तुझ्याही हाती आलं असेल. खूप गाजलं ते. त्यात एक ओळ खोटी आहे — आणि बाकीचं सगळं पत्रक त्याच ओळीवर उभं आहे.

थांब, नीट सांगतो.

मी जव्हारचा. वडील दरबारात कारकून. संस्थान विलीन झालं आणि वडील त्याच टेबलाशी बसून सरकारचे कारकून झाले. मला या गोष्टीची भयंकर चीड यायची. राजा गेला, राज्य लोकांचं झालं, मग मोखाड्याच्या पाड्यांवर बदललं काय? मी पत्रकं लिहू लागलो, सभा घेऊ लागलो. आमची एक रीत होती — नुसतं बोलायचं नाही, माणूस दाखवायचा. सावकाराच्या माणसानं मारलेला गडी पुढे आणायचा, त्याच्या पाठीवरचे वळ दाखवायचे. मग भाषणाची गरजच उरत नाही. ही रीत वाईट होती असं मी म्हणत नाही. तिचं मी काय केलं, ते सांगतोय.

चैती खोडाळ्याजवळच्या पाड्यावरची वारली बाई. नवरा वसईकडे मजुरीला गेलेला. राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, ती डहाळ्या तोडत होती. कोयता निसटला आणि नडगीवर बसला. जखम मिटलीच नाही, पू धरला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ती दाराशी पाय पसरून नागली पाखडत होती आणि मधूनच सुपानं माश्या हाकलत होती.

तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? ही बरी कशी होईल, हे? नाही. पहिलं आलं ते हे, की ही सभेला हवी.

तरी औषध आणतो असं तिला सांगून निघालो आणि जव्हारला जाऊन एका डॉक्टरला मी तिची हकिगत सांगितली. आम्ही एका शाळेतले. तो मुंबईला शिकून आलेला, आणि त्याला एका नव्या मलमाचं वेड लागलेलं. ट्यूब हातात धरून तो मला समजावत बसला. मातीत एक जंतू राहतो. शेजारच्या जंतूंना मारायला तो स्वतःच एक औषध तयार करतो — प्रथिनाचा एवढासा तुकडा. तो तुकडा पू करणाऱ्या जंतूच्या सालीला भोकं पाडतो, आतलं सगळं वाहून जातं, जंतू खलास. सुईनं रक्तात दिलं तर माणसाच्या रक्तपेशीही फोडेल, म्हणून फक्त वरून लावायचं. "आपल्या आसवांतसुद्धा जंतू मारणारं काहीतरी असतं, ठाऊक आहे? अशी औषधं अजून कुठे कुठे सापडतील, सांगता येत नाही!" आसवांचं ते वाक्य मला फार आवडलं. पुढच्या भाषणात घालायचं, असं मी तिथंच ठरवलं.

मग तो गंभीर झाला. "आजपासून लाव. उकळलेल्या पाण्यानं धुऊन, रोज. जंतू मांसात आहेत तोवर हे काम करील. हाडात शिरले, तर याच्यानं काही व्हायचं नाही. भाषण मागाहून ठोक, पुढारी."

खोडाळ्याला पोचलो तर सोबती वाटच पाहत होते. येत्या आठवडी बाजाराला मुंबईहून सरकारचे मोठे साहेब येणार होते. दवाखान्याची मागणी थेट त्यांच्यापुढे मांडता येणार होती.

तिथून चैतीकडे गेलो. मला पाहताच तिनं विचारलं, "आलां का औषध, दादा?"

"नाही," मी म्हणालो. "यायचंय अजून."

पिशवीत, पत्रकांच्या गठ्ठ्याखाली ट्यूब होती.

अनेक वर्षं मी स्वतःची समजूत घालत आलो, की ते तोंडातून निघून गेलं. निघून गेलं? मी वाटेतच ठरवलं होतं. मलमानं जखम सुकायला लागली तर साहेबांना दाखवणार काय — भरत आलेला पाय? इतकंच नाही. ती जखमेवर दगडी पाला चुरून लावायची. तोही मी बंद करायला लावला. कारण शास्त्राचं सांगितलं. खरं कारण हे, की त्या हिरव्या रसाखाली जखम नीट दिसत नव्हती.

पाल्याचा हात पुसत चैती हसली. "सगल्यांना माझा पाय पायजे. मी कोनाला नको."

मीही हसलो. हसलो रे मी!

साहेब त्या बाजाराला आलेच नाहीत. पुढच्या बाजाराला येतो, असा निरोप आला. म्हणजे मला पुन्हा एक संधी मिळाली होती, नाही का? त्या मधल्या दिवसांत मी दोनदा तिच्याकडे गेलो. दोन्ही वेळा तिनं तेच विचारलं. दोन्ही वेळा मी तेच सांगितलं. दुसऱ्या खेपेला तिच्या अंगात ताप होता.

साहेब आले. डोलीतून चैतीला आणलं. फडकं मी माझ्या हातानं सोडलं. साहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि मान फिरवली — ती फिरलेली मान पाहून मला, काय सांगू, जिंकल्यासारखं वाटलं. दवाखान्याचं आश्वासन तिथल्या तिथं मिळालं. टाळ्या पडल्या. चैती कुणाकडेच बघत नव्हती. दोन्ही हातांनी तिनं गुडघा घट्ट धरून ठेवला होता.

बाजार उठल्यावर मी ट्यूब काढली आणि मलम लावलं. "आलां एकदाचां," ती म्हणाली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला तिनं.

चार दिवसांत पाय काळा पडला. ठाण्याला नेऊन गुडघ्याखाली कापावा लागला. डॉक्टर मला भेटला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "मलम लावलं होतंस ना?" लावलं होतं, मी म्हणालो. कधीपासून, ते त्यानं विचारलं नाही. मी सांगितलं नाही. "मग आपल्याकडच्या जखमांना ते चालत नाही," असं म्हणून त्यानं उरलेल्या ट्यूबा परत पाठवल्या. मग जव्हारात ते मलम कुणालाच मिळालं नाही. किती जखमा त्यानं भरल्या असत्या? मला माहीत नाही. मी कधी विचारायला गेलो नाही.

आणि मी पत्रक लिहिलं. 'औषध वेळेवर पोचलं नाही म्हणून चैतीचा पाय गेला.' हीच ती ओळ. औषध वेळेवर पोचलं होतं.

लवकर लावलं असतं तर पाय नक्की वाचला असता का? हा प्रश्न मी अनेक वर्षं जवळ बाळगला, कारण त्यात बसायला जरा सावली होती. आता तिथून उठलोय. वाचला नसता, तरी मी तेच केलं होतं.

आवणीला दोन पाय लागतात. चिखलात कुबडी रुतते. बायका भात लावतात आणि चैती बांधावर बसून त्यांना रोपांच्या जुड्या फेकते. तिला मी काहीच सांगितलेलं नाही. जे तिला सांगायचं, ते तुला सांगत बसलोय. बाजाराच्या दिवशी ती खोडाळ्याला येते. रस्त्यापलीकडून "दादा!" म्हणून हाक मारते. मी ओ देतो.