लाल क्रॉसच्या जाकिटाला असले खिसे कशाला?

सॅम्पलच्या खिशात मी तिसऱ्यांदा हात घातला. पांढरं जाकीट, छातीवर आणि पाठीवर लाल क्रॉस. ऑर्डर ‘अँब्युलन्स स्टाफ’साठी. पण पुढचे खिसे लांबट, जाड कापडाचे, दुहेरी शिलाईचे, एकाला एक लागून. बँडेजला एवढा मजबूत खिसा कशाला?

सोलापुरात युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटी बघतो. त्याआधी फौजेत नर्सिंग असिस्टंट होतो. शांतिसेनेबरोबर परदेशातही राहून आलो. त्यामुळे सांगोल्याचा हा गडी इथे सगळ्यांचा ‘मेजर’, खरा हुद्दा काही का असेना. असले खिसे तिकडे रोज दिसायचे. त्यात बंदुकीचं मॅगझीन बसतं, म्हणजे गोळ्या भरलेली पेटी.

मालकांना, आमच्या अण्णांना, दाखवलं.

“मेजर, तुमाला सगळीकडं लढाईच दिसती की. लाल क्रॉस म्हंजे डॉक्टरचं चिन्ह. जनावरांच्या डॉक्टरच्या गाडीवर बी हाय.”

“हीच आपली खोड, अण्णा. दिसंल तितं रंगवायचं. ते डॉक्टरचं चिन्ह न्हाय. लढाईत जखमींना आन् त्यांना उचलणाऱ्यांना मारायचं न्हाय, असा देशादेशांचा कायदा हाय. त्याची ती खूण.”

“मग घालू दे की.”

“बंदूकवाल्यानं घातलं तर?”

अण्णांनी स्वतः त्या खिशात हात घालून बघितला. मग मी त्यांना तिकडचं सांगितलं. लाल क्रॉसच्या गाडीतून एकदा बंदूकवाले उतरले आणि त्यांनी नाक्यावरचे शिपाई मारले. पुढे त्याच नाक्यावर आमच्या फौजी दवाखान्याकडे येणारी खरी अँब्युलन्स दिसताच नव्या शिपायांनी गोळ्या झाडल्या. आत बाळंतपणाला निघालेली बाई होती. ती माझ्यासमोर गेली, पोटातलं बाळही गेलं. गोळ्या झाडणारी पोरं भेदरलेली होती. मला त्यांचा राग आला नाही, याचंच अजून वाईट वाटतं.

अण्णांनी ही ऑर्डर आणणाऱ्या एजंटला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

मी म्हणालो, “क्रॉस ठेवायचा तर खिसे काढतो. खिसे पाहिजेत तर क्रॉस काढतो.”

“दोन्ही पाहिजे. तुम्ही शिवायचं काम करा ना!”

“न्हाय जमणार,” अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला. मग उठून आमच्या फर्स्ट-एडच्या पेटीवरचा लाल क्रॉस त्यांनी स्वतः खरवडून काढला. मला फार बरं वाटलं.

ते समाधान फार टिकलं नाही. काही आठवड्यांनी जवळच्याच एका कारखान्याच्या गेटबाहेर चिंध्यांचा ढीग दिसला. पांढऱ्या आणि लाल. वर एक बाद झालेला खिसा, लांबट, दुहेरी शिलाईचा. मी तडक आत गेलो. तिथल्या मॅनेजरला सगळं सांगितलं.

तो म्हणाला, “व्हय का? पर माल तर कवाच गेला की.”

आपण नाही म्हटलं की ऑर्डर थांबत नाही, पुढच्या गेटवर जाते. त्या बाद खिशाची शिलाई पक्की होती, मी ओढून बघितली. आता कुठल्याशा नाक्यावर खरी अँब्युलन्स येईल, तेव्हा शिपाई क्रॉसकडे बघेल आणि आधी बंदूक उचलेल.