काट्यापासून ऑफिसपर्यंतची वायर

पांढरकवड्याच्या त्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, कॉम्प्युटर जोडायला मला बोलावलं, तेव्हा कापूस विकायला आलेल्या बैलबंड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेलेली होती. त्या वर्षांत आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, आणि कशासाठी यायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. रांगेतली माणसं पेपर वाचत नव्हती. दोन-दोन दिवस बैल सोडून, बंडीखाली झोपून ती आपला नंबर यायची वाट बघत होती.

जिनिंगमध्ये एक जुनी तक्रार होती. वजनकाट्यावरचा माणूस आकडा चिठ्ठीवर लिहायचा, ती चिठ्ठी ऑफिसात जायची, आणि मधल्या सत्तर पावलांत आकडा बदलतो असं लोक म्हणायचे. एकदा त्यावरून मोठं भांडण झालं. मग मालकानं ठरवलं की काट्यावर कॉम्प्युटर बसवायचा, ऑफिसातले तीन कॉम्प्युटर आणि हा चौथा एकाला एक जोडायचे, म्हणजे वजन हात न लागता थेट ऑफिसात उमटेल. हे सगळं जोडणारा आठ भोकांचा चपटा डबा, म्हणजे स्विच, मालकानं आधीच आणून ठेवला होता. वायर आणि वायरीच्या टोकाचे कनेक्टर मी निवडायचे होते.

मला ते काम फार आवडलं होतं. चिठ्ठी बंद होणार आणि त्यात माझा हात असणार, याचा अभिमान वाटत होता. सुरुवातीला तर तो दिसेल असाच मिरवला मी.

माझे अब्बा मोटार वाइंडिंग करायचे. शेतातल्या जळलेल्या पंपांच्या मोटारी आमच्या दुकानापुढे कायम पडलेल्या असत. यवतमाळला वायर घ्यायला निघालो तेव्हा ते म्हणाले, "ब्लेड से छील के देख. अंदर सफेद निकला तो अॅल्युमिनियम है, वापस कर." यवतमाळच्या दुकानात मी तसंच केलं. पहिल्या दोन बंडलांची वायर खरवडल्यावर तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरं निघालं. दुकानदार वैतागला, पण तिसरं बंडल अस्सल तांब्याचं होतं आणि तेच मी घेतलं. मग त्यानं विचारलं, "कनेक्टर कोणते देऊ?"

"द्या कोणतेही, चांगले द्या," मी म्हणालो.

त्यानं काउंटरवरच्या बरणीतून मूठभर काढून पुडीत बांधले. वायरीसाठी मी अर्धा तास घातला होता. कनेक्टरसाठी मान वर करूनही पाहिलं नाही.

जिनिंगमध्ये दोन दिवस खपून वायर पाइपातून ओढली, दोन्ही टोकांना कनेक्टर दाबले, टेस्टर लावला. टेस्टरवरचे आठही दिवे एकामागून एक हिरवे लागले. काट्यावर पहिली बंडी चढली, आणि ऑफिसात मॅनेजरच्या समोर आकडा उमटला. मॅनेजर चष्मा वर करून म्हणाला, "वा, हे तं जमलं बाप्पा!"

तिसऱ्या दिवशी ते बंद पडलं.

काट्यावरच्या माणसानं फोन केला. "भाऊ, तुमचं मशीन मेलं. या लवकर."

मी पोचेपर्यंत ते आपोआप चालू झालं होतं. टेस्टर लावला, आठही दिवे हिरवे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी स्विचचं भोक बदललं. मग स्विचच बदलला. रुई सगळीकडे उडत होती, नाकात, चहात, कॉम्प्युटरच्या पंख्यात. म्हणून वाटलं रुईच आत जात असेल. डबा साफ करून त्याला कापड शिवलं. पाइपाजवळून मोठ्या मोटारीची लाइन जात होती, तेव्हा एक रविवार घालवून वायर दुसऱ्या भिंतीवरून फिरवली. सोमवारी सकाळी गाठींनी भरलेला ट्रक काट्यावर चढला, जमीन हादरली, आणि वायर पुन्हा मुकी झाली.

आता फक्त रडायचंच बाकी होतं. बिघाड दिसला असता तर हात लावता आला असता. मी समोर असलो की सगळं ठीक, आणि पाठ फिरवली की बंद. रांगेतली माणसं मला ओळखायला लागली होती. मी फाटकातून आत आलो की कोणीतरी म्हणायचं, "आला पाह्य डॉक्टर. पेशंट मेला वाटते पुन्हा."

मी हसायचो नाही. उलट एकदा काट्यावरच्या माणसावर खेकसलो की तुम्हीच खुर्ची सरकवताना वायर ओढता. तो साठीचा माणूस, माझ्या वडलांच्या वयाचा. त्यानं नुसतं एवढंच विचारलं, "मी कायले ओढू भाऊ? मले का शौक हाय?"

मग तो दिवस आला.

दुपारची वेळ होती. मी ऑफिसात स्विचशीच झटत बसलो होतो. पन्नाशीची एक बाई दिरासोबत बंडी घेऊन आली होती. भरलेली बंडी काट्यावर चढली, लाल आकडे स्थिर झाले, काट्यावरच्या माणसानं बटण दाबलं आणि हात केला. बंडी पुढे गेली, कापूस आतल्या गंजीवर, मोठ्या ढिगात, रिकामा झाला. रिकामी बंडी पुन्हा काट्यावर आली, तेव्हा कळलं की भरलेल्या बंडीचं वजन ऑफिसात पोचलंच नव्हतं. कॉम्प्युटरमध्ये तिच्या नावापुढे काहीच नव्हतं, आणि तिचा कापूस दुसऱ्यांच्या कापसात मिसळून गेला होता.

"नोंद नाही, तं पावती कशी देऊ?" काट्यापाशी येऊन मॅनेजर म्हणाला.

"मी आकडा पाह्यला ना," बाई म्हणाली. "एकोणीस पंचेचाळीस होता. माया डोयानं पाह्यला."

"पाह्यल्यावर पावती भेटत नाही बाई."

मीही त्याच्या मागोमाग आलो होतो, मी मध्ये बोललो. म्हणालो, वायरीचा दोष आहे, काम माझं आहे, बाईचं काही चुकलेलं नाही. मॅनेजर माझ्यावरच उखडला. "तुमाले काहून बोलावलं होतं? असे घोटाये बंद व्हावे म्हणूनच ना?" रांगेसमोर मान खाली घालून उभा राहिलो.

तेवढ्यात पुढचा नंबर असलेला शेतकरी बंडीवरून उतरला आणि त्यानं बैलांचं जू काढलं. म्हणाला, "या बाईची पावती होत नाही तोवर माही बंडी काट्यावर येत नाही." त्याच्या मागच्यानं काही न बोलता आपले बैल सोडले. मग त्याच्या मागच्यानं. मॅनेजर ओरडला, मालकाला फोन लावला, आत गेला, बाहेर आला. तास उलटला. आत मशीन चालू होती आणि काटा रिकामा पडला होता. शेवटी मॅनेजर म्हणाला, आकडा कोणी पाह्यला ते सांगा.

काट्यावरच्या माणसानं आकडा लिहून ठेवला नव्हता, आणि त्याला तो नक्की आठवेना. चौघांनी पंचेचाळीस सांगितलं. एक म्हातारा चाचपडत म्हणाला, "पस्तीस होता का जी? मले तं पस्तीस दिसला."

मॅनेजरनं तेच धरलं. कोऱ्या कागदावर हातानं एकोणीसशे पस्तीस लिहिलं, शिक्का मारला. बाईनं कागद घेतला, दिराकडून वाचून घेतला. भांडायची तिची ताकद संपली होती. जाताना ती माझ्यापाशी थांबली. "दहा किलो तुमच्या वायरीनं खाल्ले," म्हणाली, आणि बंडीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी वायरीचा तुकडा आणि एक कनेक्टर खिशात घालून मी पहिल्या एसटीनं नागपूरला गेलो. एका जुन्या दुकानात, जाड भिंगाच्या चष्म्याच्या मालकापुढे दोन्ही ठेवले. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "तार अखंड आहे की धाग्यांची?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यानं वायरीतल्या आठ तारांपैकी एकीचं टोक सोलून दाखवलं. आत एकच जाड तांब्याची तार. "ही अखंड. दुसरी केसांसारख्या बारीक तारा पिळून करतात." मग पक्कडीनं माझा कनेक्टर फोडला आणि आतली पितळी पाती भिंगाखाली धरली. तिचे दात सरळ, टोकदार होते. "हे दात बारीक धाग्यांत घुसतात. अखंड तारेत घुसायला जागाच नाही, म्हणून कडेला टेकून बसतात. टेस्टरला चालते. धक्का लागला की सुटते. भाऊ, याच्यात हे कायले लावलं तुम्ही?"

त्यानं दुसरे कनेक्टर दिले. त्यांच्या पातीचे दात आळीपाळीनं डावी-उजवीकडे वाकलेले होते, तारेला दोन्हीकडून धरतील असे. बाहेरून दोन्ही हुबेहूब सारखे. परतीच्या एसटीत मी खिडकीबाहेर पाहत बसलो, आणि मला एकेक दिवस आठवत गेला: बदललेला स्विच, शिवलेलं कापड, तो रविवार, म्हाताऱ्या माणसावर काढलेला राग. एवढा वेळ मी वायर, रुई, माणसं, सगळ्यांवर संशय घेतला. बरणीतून आलेल्या त्या मूठभर प्लास्टिकवर एकदाही घेतला नाही, कारण ते मी घेतलं होतं.

संध्याकाळच्या आत दोन्ही टोकं बदलून झाली. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत ती वायर एकदाही बंद पडली नाही. ट्रक चढले, उतरले, आकडा पोचत राहिला. मी मॅनेजरला सगळं खरं सांगायला गेलो. त्यानं अर्ध्यातच हात वर केला. "कारण मले कायले सांगता? चालू हाय ना आता?"

काट्यावरच्या माणसाची मी माफी मागितली. तो "राहू द्या ना" म्हणाला, पण त्यानं काट्याच्या खिडकीत एक वही ठेवली आणि प्रत्येक बंडीचा आकडा तिच्यात पेन्सिलीनं लिहायला लागला. लिहिल्यावर वही फिरवून शेतकऱ्याला दाखवायचा, मगच बटण दाबायचा. मी त्याला म्हणालो की आता गरज नाही. तो म्हणाला, "असू द्या जी. लोकं पायतात, त्यायले बरं वाटते."

त्या बाईचं गाव मी विचारून घेतलं होतं. सायकलवर जाऊन येण्यासारखं होतं. दोनदा निघायचं ठरवलं, आणि दोन्ही वेळा अब्बांच्या दुकानातच काहीबाही करत बसलो. तिला जाऊन मी काय सांगणार होतो, की कनेक्टरचे दात सरळ होते?