आमच्या गीझरचा पाइप बाहेर निघतो

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. ओवीच्या पप्पांची कंपनीची बस सव्वासातला चौकात येते, म्हणून डब्याची घाई चालली होती. तेवढ्यात बाथरूममधला मग्गा वाजायचा थांबला.

चार वर्षांचं लेकरू पाण्यात असून गप्प? मी लाटणं टाकून पळाले. ओवी बादलीला डोकं टेकवून बसली होती. "मम्मी, फरशी गोल गोल फिरतेय," म्हणाली. तशीच उचलून गॅलरीत आणली. मोकळी हवा लागल्यावर तिनं बिस्किट मागितलं. ते तिच्या हातात दिलं आणि तशीच दवाखान्यात नेली.

डॉक्टरांनी तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, "गॅस गीझर आहे का? त्याच्या धुराचा पाइप बाहेर काढलाय?"

पाइपच नव्हता! गीझर बाथरूममध्येच, धूर बाथरूममध्येच आणि लेकरूही बाथरूममध्येच.

"वेळेवर बाहेर आणलंत," डॉक्टर म्हणाले. "त्या धुरात एक वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. कळायच्या आत माणूस झोपतो."

मी सातवी शिकलेली. त्या वायूचं नाव मला अजून धड घेता येत नाही. पण 'झोपतो' एवढं बरोबर कळलं. घरी येऊन गीझरचा सिलिंडर बंद केला आणि सांगून टाकलं, पाइप उघड्यावर निघेपर्यंत हा गीझर कुणी चालू करायचा नाही. पाणी शेगडीवर तापवू, नाहीतर गार पाण्यानं अंघोळ करू!

आता एक पाइप बाहेर काढायचा, त्यात सांगण्यासारखं काय असणार? पण उस्मानपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये साधं काम साधं राहतच नाही. दूध उतू जावं तसे किस्से झाले, पुसावेत तेवढे जास्तच पसरले. त्यातले थोडे सांगते.

*

पहिल्यांदा सलीमभाई फिटर आले. माझा चेहरा बघूनच म्हणाले, "भाभी, टेन्शन नक्को लो. अब्बी करता मैं!"

छन्नी-हातोडा घेऊन बाथरूममध्ये शिरले. मी बाहेर ओवीला धरून उभी. थोड्या वेळानं आतून आनंदाची आरोळी आली, "निकल गया! पाइप बाहर!"

त्याच वेळी बेडरूममधून सासूबाईंची किंकाळी आली.

जाऊन बघते तर त्या पलंगावर उठून बसलेल्या, डोक्यावर सिमेंटचा भुगा, आणि उशीच्या बरोबर वर भिंतीतून पाइपचं तोंड!

"सलीमभाई, ही तर आमची बेडरूम आहे!"

त्यांनी भोकाला डोळा लावून खात्री करून घेतली. "वो ठीक है भाभी, लेकिन बाथरूम के तो बाहरच आया ना?"

सासूबाई भुगा झटकत म्हणाल्या, "बाबा, तू माझी सोय करायला आलास का गीझरची?"

*

भोक बुजवलं. मग ओवीच्या पप्पांनी डोकं लढवलं. बाथरूमची झरोक्याची खिडकी डक्टमध्ये उघडते. "तिथंच सोडून देऊ की पाइप! कुणाला दिसणार पण नाही."

दिसणार नाही, पण श्वासात जाईल ना! डक्ट म्हणजे बिल्डिंगच्या मधला उभा बोगदा, आणि सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या त्याच्यातच. आमचा धूर वर चढून खरात काकांकडं जाणार. खरात काका म्हणजे आमच्या डोक्यावर राहणारे रिटायर्ड गृहस्थ. बाथरूममध्ये पेपर वाचतात. इतका वेळ बसतात, की त्यांना तर कणभर धूरसुद्धा पुरेल!

मी वर जाऊन काकांना सगळं समजावून सांगितलं. धूर विषारी आहे, कळत नाही, वासच येत नाही.

"वास अजिबात नाही?" काकांनी चष्मा वर केला.

"अजिबात नाही, काका!"

"मग सोडा की बिनधास्त! या डक्टमध्ये बिनवासाचं काहीतरी पहिल्यांदाच येतंय!"

काकूंनी आतून ओरडून मला पाठिंबा दिला म्हणून बरं. डक्ट रद्द झाला.

*

राहिली मागची भिंत. तिच्या पलीकडं बोळ, वर मोकळं आभाळ. जागा चांगली होती, पण धूर कुणाच्या खिडकीत शिरणार नाही याची खात्री कोण देणार? मला रात्री ओवीच्या नाकाजवळ हात धरून बघायची सवय लागली होती. मला खात्री पाहिजेच होती.

मी अगरबत्तीचा अख्खा पुडा काढला. ओवीच्या पप्पांना सुट्टीच्या दिवशी शिडीवर चढवलं, हातात पेटलेला जुडगा दिला आणि मागच्या बाजूच्या सगळ्या घरांना सांगितलं, खिडकीतून नाकं बाहेर काढा, वास आला की ओरडा.

अख्ख्या बिल्डिंगची नाकं बाहेर! बोळातून एक भाजीवाले मामा गाडा लोटत चालले होते. त्यांनी वर पाहिलं. भिंतीला धूप दाखवणारा माणूस, आणि खिडक्या-खिडक्यांतून डोळे मिटून उभी असलेली माणसं. मामांनी गाडा थांबवला, चप्पल काढली आणि हात जोडले.

"कशाची पूजा हाय?"

"गीझरची!" खरात काका वरून म्हणाले.

मामांनी पुन्हा एकदा हात जोडले. मग हळूच विचारलं, "नवसाला पावतो का?"

तेवढ्यात खरात काका मला म्हणाले, "मोगरा आहे ना गं हा?"

मी वर मान केली. "वास आला तुम्हाला?"

"आला की! मस्त आहे!"

झालं. शिडी सरकवली, जुडगा पार कोपऱ्याकडं नेला, तेव्हा कुठं काकांचा मोगरा बंद झाला. पाइप तिथंच बसवला, खिडक्यांपासून लांब, उघड्यावर, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून तोंड जरा खाली उतरतं. सलीमभाईंनी या वेळी भोक पाडायच्या आधी बोळात जाऊन भिंतीला हात लावून बघितला.

*

सगळं ठीक झालं म्हणून मी जरा निवांत झाले, तर थंडी पडली.

एक दिवस सकाळी कपडे वाळत घालायला मागच्या खिडकीतून वाकले आणि बघते तर काय, पाइपच्या तोंडावर लाल लोकरीची टोपी! ओवीची! वरून सुतळीनं आवळलेली!

"आत्याबाई! हे कुणी केलं?"

"मीच की," सासूबाई म्हणाल्या. "तेवढ्या भोकातून किती गार वारं येतंय! लेकराला बाधंल ना. वरच्या राजूला शिडीवर चढवून बांधून घेतली."

नशीब, त्या सकाळी गीझर अजून चालू केला नव्हता! मी शिडी लावली, सुतळी तोडली आणि टोपी काढून आणली. सासूबाई सोयगावच्या, जन्म चुलीपुढं गेलेला. म्हटलं त्यांच्या भाषेत सांगावं.

"आत्याबाई, हे आपल्या चुलीच्या धुराड्यासारखंच आहे. धुराड्यावर कधी कुणी टोपी घालतं का?"

त्यांनी टोपी माझ्या हातातून घेऊन झटकली. मग म्हणाल्या, "म्या घातलं व्हतं. पोतं."

"का?"

"माझी सासू आत बसली व्हती ना. लई बोलायची मला!"

तेव्हापासून मी पाइप रोज दोनदा बघते. सासूबाईंशी गोडच बोलते.

*

आमचा पाइप बघून बिल्डिंगमध्ये लाट आली. ज्यांच्याकडं गॅस गीझर होता, त्या सगळ्यांनी सलीमभाईंना बोलावलं. मागची भिंत पाइपांनी भरली. खरात काकांनी तर स्टीलचा चकचकीत पाइप बसवून घेतला आणि पेढे घेऊन आमच्याकडं आले.

ओवीचे पप्पा म्हणाले, "काका, तुमच्या सिलिंडरला रेग्युलेटर नवा घ्या बरं का."

"कसला सिलिंडर?"

"गीझरचा!"

"आमचा लाइटवर चालतो!"

मी विचारलं, "मग काका, पाइप कशाला?"

"अहो, सगळ्यांनी काढला," काका पेढा पुढं करत म्हणाले. "उद्या लोक म्हणतील, खरातांना घरच्यांची काळजीच नाही!"

*

आता शेवटचा सांगते. हा मी ज्याला त्याला सांगत सुटते.

ओवीच्या मनात ती सकाळ बसलीय. अंघोळीला जायच्या आधी ती बाथरूममधल्या स्टुलावर चढते, डक्टच्या खिडकीला तोंड लावते आणि जोरात विचारते, "सगळ्यांचा पाइप बाहेर आहे काऽऽ?"

मग खालून-वरून उत्तरं येतात. "आहे गं बाई!" "है बेटा, है!" खरात काका तर पेपरमधून डोकं काढून म्हणतात, "स्टीलचा आहे!" सगळ्यांनी उत्तर दिल्याशिवाय ती अंगावर पाणी घेत नाही. मीही तिच्यासोबत उभी राहते.

परवा तिनं विचारलं. सगळ्यांचं 'आहे' झालं. मी नळ सोडणार, एवढ्यात डक्टमधून एका माणसाचा आवाज आला. सावकाश, अगदी खरं सांगितल्यासारखा.

"आमचा नाय."

ओवीनं माझ्याकडं पाहिलं, मग खिडकीला तोंड लावून दरडावलं, "मग अंघोळ करायची नाही!"

"बरं," आवाज म्हणाला.

मी ओल्या पायांनी जिना चढले, उतरले, एकूणएक दार वाजवलं. "तुम्ही बोललात का?" सगळे म्हणाले, "आम्ही नाही." सगळ्यांनी मला मागची भिंत दाखवली. मी पाइप मोजले, गॅस गीझरवाली घरं मोजली, खरात काकांचा एक वर धरला. बरोबर जुळलं!

तो आवाज काही मला ओळखू आला नाही. तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीचा असला, तर एवढा निरोप त्याला पोचवा: पाइप उघड्यावर काढ बाबा, डक्टमध्ये नको, कुणाच्या खिडकीपाशी नको, त्याच्या तोंडावर काही बांधू नको. आणि तो तुमच्या ओळखीचा नसला, तरी ज्याच्या घरी गॅस गीझर आहे त्या प्रत्येकाला सांगा. त्यातला एखादा तोच असायचा!