मामांची तपासणी, माझं बीपी

सांगोल्याचे माझे मामा मेंढरं राखतात. मध्यंतरी ते बीपी तपासायला सोलापुरात आमच्याकडे आले. डॉक्टरांचं बोलणं त्यांना कळायचं नाही, असं मीच ठरवलं आणि सोबत जायला ऑफिसातून अर्धा दिवस रजा काढली.

रिक्षात मी त्यांना समजावत होतो, "मामा, गोळी रोज घ्यायची असते. बरं वाटलं म्हणून थांबायचं नाही."

"व्हय, व्हय," म्हणत मामा बाहेर बघत होते.

बीपीची गोळी मलाही दिलेली होती आणि मी ती चार महिन्यांपूर्वी परस्पर बंद केली होती. हे त्यांना सांगायची गरज मला वाटली नाही. उपाशीपोटी लसूण चावला की गोळी लागत नाही, असा व्हिडिओ मी पाहिला होता. मला कसलाच त्रास नव्हता. त्रास होता तो ऑफिसात शेजारी बसणाऱ्यांना.

दवाखान्यात सिस्टरांनी मामांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. "छान आहे हं, आजोबा." मामा चक्क लाजले. मला राहवलं नाही. "माझंही बघा सहज," म्हणून मी बाही वर केली.

सिस्टरांनी एकदा हवा भरली, पुन्हा भरली आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. पाच मिनिटं शांत बसवून त्यांनी स्वतः मोजलं.

"गोळी घेता?"

"घेतो की. म्हणजे, त्रास झाला की."

"त्रास कधी होतो?"

"होतच नाही."

"बीपी वाढलेलं बऱ्याचदा कळतच नाही हो. जेवणात मीठ कसं?"

"बेताचं."

"कुटलं बेताचं, सायेब!" मामा म्हणाले. "वाटीभर शेंगाचटणी खातंय रोज. पापड निराळा."

डॉक्टरांनी गोळी पुन्हा लिहून दिली, विचारल्याशिवाय बंद करायची नाही असं बजावलं आणि मामांकडे वळून म्हणाले, "तुम्ही जरा समजावून सांगा यांना."

घरी येताच मामांनी गोळ्यांची पट्टी माझ्या टूथब्रशच्या पेल्यात उभी केली. "दात तरी रोज घासतोस न्हवं?"

महिन्याभरानं आकडा खाली आला. ऐटीत मामांना फोन लावला.

"लई ब्येस," मामा म्हणाले. "आता बरं वाटतंय म्हणून बंद करू नगंस."

मी नेमका तोच विचार करत होतो.