कठड्यावरच्या चार ओळी

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्याला तीन-चार वर्षं झाली असतील. गाव सोडून आम्ही औरंगाबादेत राहायला आलो होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून होते आणि मी तिसरीत. शाळेची वाट खाम नदीवरच्या एका जुन्या दगडी पुलावरून जायची. पूल फक्त पायी जाणाऱ्यांचा. गाड्या शिरू नयेत म्हणून दोन्ही तोंडांशी खांब रोवलेले. मधोमध कठड्यावर चार ओळी कोरलेल्या होत्या, चुन्यानं निम्म्या बुजलेल्या. अक्षरं अण्णांच्या जुन्या वह्यांतल्यासारखी.

त्यात काय लिहिलंय, याचा मला ध्यास लागला. पुलावर एक मावशी बोरं विकायची. तिला विचारलं तर म्हणाली, "धन कुठं पुरलंय ते लिव्हलंय. वाचता आलं असतं तर मी हितं बोरं इकत बसले असते व्हय?" शाळेतले गुरुजी पुण्याकडून नवीनच आलेले. ते म्हणाले, "फारसी असावं. मला नाही येत."

अण्णांना येत होतं. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं, वर फारसीही शिकलेले. पण आता कचेरीचा कारभार मराठीत आला होता आणि मराठीची परीक्षा द्यायची होती. घरी मराठीच बोलायचे, लिहायला बसले की मात्र घाम फुटायचा. रोज संध्याकाळी ते माझ्याशेजारी बसून पाटीवर बाराखडी गिरवायचे.

"अण्णा, पुलावरचं वाचून दाखवा ना."

"कशाला उकरायचं ते? त्या लिपीचं नाव काढलं तरी लोक वेगळ्या नजरेनं बघतात आता."

मला ते कळलं नाही. मी आठवडाभर पिच्छा पुरवला. शेवटी एका रविवारी ते ओलं फडकं आणि बाभळीची काडी घेऊन निघाले.

काडीनं चुना खरवडत त्यांनी एकेक अक्षर मोकळं केलं. मग मोठ्यानं वाचायला लागले. पाटीवर अडखळणारे अण्णा इथं कुठंच अडखळत नव्हते. मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले. येणारे-जाणारे थांबले. मावशीही टोपली ठेवून आली.

"धनाचं काय हाय?"

"धनाचं नाही बाई," अण्णा म्हणाले. "लिहिलंय, ही वाट पायी चालणाऱ्यांची. नदीला पूर आला तर घाई करू नका, थांबा. आणि ज्यानं हे दगड घडवले त्याच्यासाठी दुआ मागा. पुढं त्याचं नाव होतं, पण टवका उडालाय."

मावशीनं खाली बसून अक्षरांवर हात ठेवला.

"थांबा म्हनलंय व्हय?" ती म्हणाली. "माझा धनी नाय थांबला. ह्याच पुलावरून गेला वाहून. रोज त्यो हितूनच जायचा."

मग ती अण्णांकडं वळून म्हणाली, "दादा, मराठीत लिवा की खाली. सगळ्यांला वाचता येईल."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. चारचौघांत मराठी लिहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. मी पळत जाऊन शेजारणीकडून गेरू आणला. त्यांनी काडीला फडकं गुंडाळलं, गेरूत बुडवलं आणि वाकून लिहायला लागले. 'पूर'ला त्यांनी पहिला उकार दिला. मी कानात सांगितलं, त्यांनी पुसून दुसरा काढला. लोक हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुरुजी आमच्या दारात उभे.

"पुलावरचं तुम्ही वाचलंत? मला ती लिपी शिकवाल?"

"शिकवतो की," अण्णा म्हणाले. "पण माझं ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही बघायचं."

वर्षभर गुरुजी दर रविवारी यायचे. दोघांच्या मध्ये बसून मी उर्दू लिहा-वाचायला शिकले. अण्णा दुसऱ्या खेपेला परीक्षा पास झाले. गुरुजींचं उर्दू अक्षर मात्र शेवटपर्यंत सुधारलं नाही. अण्णा त्यांची वही माझ्यापुढं धरून म्हणायचे, "वाच बरं, मला तर लागत नाही."