साडीच्या काठाची दोरी

आधी हनुवटी धरून समोरच्याचं तोंड आपल्याकडे फिरवायचं, मगच बोलायचं, ही तिची रीत. बोलायचं म्हणजे हातांनी. शेजारची पोर, जन्माची बहिरी. मी सायकलीचं पंक्चर काढत असलो तरी खुशाल माझं तोंड फिरवायची. माझ्या बायकोनं तिची हातांची बोली सगळी उचलली. मला थोडीच आली. चौथीत शाळा सोडलेलं डोकं, किती चालणार?

तंजावरात तेव्हा गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ निघत होते. आमच्या कोपऱ्यावरच्या बूथची ट्यूबलाइट झकास. हातांच्या बोलीला उजेड लागतो, म्हणून रविवारी संध्याकाळी गावातली बहिरी पोरं-पोरी तिथंच जमत. मालक ओरडायचा, "फोन एकालाही करायचा नाही, उभी मात्र माझ्याच दारात!" कुणाला ओरडत होता, तुम्हीच सांगा.

तिथं तिला पापनाशमचा सुताराचा पोरगा भेटला. तोही बहिरा. वीज गेली की सगळ्यांचे हात थांबायचे. ही दोघं मात्र एकमेकांच्या तळहातावर बोटांनी बोलत राहायची. तुम्ही असता तर तुम्हीही लाजून दुसरीकडे पाहिलं असतं.

घरच्यांनी तिला ओरत्तनाडूचा एक बिजवर बघितला होता. का, तर त्याला ऐकू येतं. तिची आई माझ्या बायकोपाशी रडली, "अक्का, दोघंही बहिरी, मग रात्री मूल रडलं तर उठणार कोण?"

बायकोनं ते पोरीला हातांनी सांगितलं. पोरीनं जुन्या साडीचा काठ टर्रकन फाडला. एक टोक आपल्या मनगटाला बांधलं, दुसरं माझ्या पायाच्या अंगठ्याला, आणि डोळे मिटून आडवी झाली.

"अहो, हला की," बायको म्हणाली.

मी पाय झाडला. पोर ताडकन उठली आणि माझं टक्कल थोपटायला लागली. आई रडता रडता हसली. पोर पापनाशमलाच दिली.

गेल्या वर्षी दुखण्यात बायकोचा आवाज गेला. पोर आली, तसाच एक काठ फाडून बायकोचं मनगट माझ्या मनगटाला बांधून गेली. पाणी हवं असलं की बायको ओढायची, मी उठायचो. एका पहाटे मी आपणहून जागा झालो. कुणी ओढलं नव्हतं.

तेराव्याला पानं वाढली तरी मी भिंतीकडे तोंड करून पडलेला. काठ मनगटाला तसाच. "आप्पा, उठा, जेवा," सगळे सांगून थकले. मग ती आली. या वेळी तिनं हनुवटी धरली नाही. लोंबतं टोक हातात घेतलं आणि हलकेच ओढलं.

मी उठलो.